लेकीला सायकलवरून शाळेत जाऊ द्यावे का?

प्रश्न : आम्ही कोथरूडला राहतो. माझी मुलगी तेरा वर्षांची असून आठवीत आहे. शाळा घरापासून अडीच किलोमीटरवर आहे आणि पहिलीपासून ती रिक्षावाल्या काकांबरोबरच जाते-येते. गेले काही महिने तिचा हट्ट चालला आहे की मैत्रिणीबरोबर सायकलवरून जायचे. यजमान म्हणतात, पौड रोडची रहदारी पाहता हे धाडस नको. सासूबाई स्वतः शाळेत सायकलवरून जात असत, पण त्याही म्हणतात की ते दिवस गेले, शिवाय मुलगी आता वयात आली आहे. तिचा सोळा वर्षांचा दादा मात्र क्लासला जायला माझी स्कूटर नेतो, त्याला कोणी अडवत नाही. मुलीचे वजन वाढते आहे, डॉक्टरांनी रोज व्यायाम करायला सांगितले आहे, पण शाळा आणि क्लासमधून वेळ उरत नाही. परवानगी द्यावी, तर काही बरेवाईट होईल याची धास्ती वाटते. न द्यावी, तर तिचा हिरमोड होतो. मी काय करू? – एक आई, पुणे

उत्तर :

स. न. वि. वि.

तुमच्या मुलीला सायकलवरून शाळेत जाऊ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र उद्यापासून नव्हे, आणि पौड रोडवरूनही नव्हे. घरात चर्चा ‘द्यावी की न द्यावी’ एवढ्यावरच अडली आहे, म्हणून ती पुढे सरकत नाही. कोणत्या रस्त्याने, कोणाबरोबर, किती तयारीनंतर आणि कोणत्या दिवशी जायचे नाही, हे ठरवायला बसलात तर यजमानांची काळजी आणि मुलीची इच्छा या दोन्हींना जागा मिळेल. यजमानांची भीती खोटी नाही. आपल्याकडे रस्त्यावर जीव गमावणाऱ्यांत चारचाकीत बसलेल्यांपेक्षा दुचाकीवरचे आणि पायी चालणारे लोक जास्त असतात, तेव्हा कोणत्याही बापाला असे वाटणारच. पण ही भीती मुलीला घरात ठेवण्यासाठी वापरायची की रस्ता नीट पारखण्यासाठी, हे तुमच्या हातात आहे.

आधी प्रकृतीचे पाहू, कारण डॉक्टरांचा सल्ला तुम्ही स्वतःच लिहिला आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास तरी दम लागेल अशी हालचाल हवी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये १४६ देशांतल्या शाळकरी मुलांची जी माहिती मांडली, तीनुसार अकरा ते सतरा वयोगटातील १०० पैकी ८१ मुलामुलींची एवढी हालचाल होत नाही, आणि मुली मुलांपेक्षाही मागे आहेत. आपल्या देशात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शाळकरी व किशोरवयीन मुलांपैकी सुमारे दहा टक्के मुलांची रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. हे प्रमाण लठ्ठ मुलांच्या प्रमाणापेक्षा अधिक आहे. म्हणजे अंगाने सडपातळ दिसणारी मुलेही यात आहेत. हाडांचा भरणाही याच वयात होतो. वाढीच्या वेगाची जी दोन-तीन वर्षे असतात त्यांत हाडांत जेवढे कॅल्शियम साठते, तेवढे पुन्हा कधी साठत नाही, आणि त्यासाठी दूध-नाचणीइतकीच पायांवर भार येणाऱ्या हालचालीची गरज असते. या बाबतीत सायकलपेक्षा चालणे, धावणे, दोरीवरच्या उड्या अधिक उपयोगी, म्हणून आठवड्यातून एखाद-दोन दिवस ती चालत गेली तर उत्तमच.

वेळ उरत नाही, ही तुमची अडचण खरी आहे, आणि म्हणूनच शाळेची वाट मला महत्त्वाची वाटते. अडीच किलोमीटरला सायकलवरून बारा ते पंधरा मिनिटे लागतात. जाऊन-येऊन झालेला अर्धा तास म्हणजे दिवसाच्या गरजेचा निम्मा वाटा, तोही वेळापत्रकात वेगळा रकाना न आखता आणि वेगळी फी न भरता. बॅडमिंटनची बॅच परीक्षा जवळ आली की सुटते, सुट्टीतले शिबिर सुट्टीबरोबर संपते. शाळेत जाणे मात्र सुटत नाही. एक सूचना आवर्जून करते. वजन कमी करण्यासाठी सायकल, असे तिच्यासमोर कृपा करून म्हणू नका. या वयात शरीराबद्दलचा एक शब्दही मुली फार काळ मनात धरून बसतात. तिला सायकल आवडते म्हणून ती मागते आहे. तेवढे कारण पुरेसे आहे.

दुसरा लाभ मोजमापात बसत नाही, पण मला तो आरोग्याइतकाच मोलाचा वाटतो. ब्रिटनमधील संशोधक मेयर हिलमन यांनी १९९० मध्ये पाहणी केली तेव्हा आढळले की १९७१ मध्ये इंग्लंडमधील सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले एकटी शाळेत जात असत, आणि १९९० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर घसरले होते. त्या काळात रस्त्यावर दगावणाऱ्या मुलांची संख्याही घटली. सरकार त्याला रस्ते सुरक्षित झाल्याची खूण मानत होते. हिलमन यांचे म्हणणे असे की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, मुलांनाच रस्त्यावरून हटवले आहे. पुण्यात आपणही गेल्या दोन-तीन पिढ्यांत हेच केले. ज्या शहरात सासूबाईंच्या वेळी मुलींचे घोळके सायकलवरून शाळेत जात, तिथे आज शाळा सुटताना फाटकापुढे रिक्षा, व्हॅन आणि मोटारींची दाटी होते, आणि मुलाला सुरक्षित पोहोचवायला आलेले पालकच दुसऱ्याच्या मुलासाठी रस्ता धोक्याचा करून ठेवतात. मागच्या सीटवर बसून वाढलेल्या मुलाला आपल्या घराचा रस्ता सांगता येत नाही. उशीर झाला तर काय करायचे, चेन पडली तर कुठे थांबायचे, अनोळखी माणसाशी किती बोलायचे, हे निर्णय त्याने कधी घेतलेलेच नसतात, आणि मग अठराव्या वर्षी कॉलेजसाठी दुसऱ्या गावी गेल्यावर ते सगळे एकदम घ्यावे लागतात.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न शिक्षणापर्यंत जातो. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधील तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटरहून लांब होती तिथे हा फरक अधिक होता. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. त्या मुली डांबर उखडलेल्या रस्त्यांवरून, दोघी-दोघींनी मिळून शाळा गाठतात. तुमच्या मुलीची गरज तेवढी तातडीची नाही, हे मान्य. पण आपल्या पायावर कुठे तरी पोहोचण्याचा जो विश्वास आहे, तो दोघींना सारखाच लागतो.

आता रस्त्याकडे वळते, कारण सगळे त्यावर अवलंबून आहे. पौड रोड आणि कर्वे रोड हे तेरा वर्षांच्या मुलीने सकाळच्या गर्दीत सायकल चालवायचे रस्ते नाहीत, याबाबत मी यजमानांशी पूर्ण सहमत आहे. सुदैवाने कोथरूडची बरीचशी वस्ती कॉलन्यांची आहे. आयडियल कॉलनी, मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी अशा भागांत मुख्य रस्त्याला समांतर जाणाऱ्या आतल्या गल्ल्या आहेत. तिथे गाड्यांचा वेग कमी, धूरही कमी. अंतर अर्धा किलोमीटर वाढले तरी हरकत नाही. (धुराचा मुद्दा निघालाच म्हणून सांगते, उघड्या रिक्षात बसून मुख्य रस्त्याने जाणारे मूल तो धूर आजही घेतेच आहे.) एखाद्या रविवारी सकाळी तुम्ही तिघे हा रस्ता पायी चालून पाहा आणि मुख्य रस्ता जिथे ओलांडावाच लागतो ती जागा नक्की करा. तिथे सिग्नल असलेला चौकच निवडा, आणि तिने सायकलवरून उतरून, ती हातात धरून, झेब्रा पट्ट्यांवरून पायी पलीकडे जायचे, हा नियम करा. त्यात एक-दोन मिनिटे जातील. पण सायकलस्वारांना मोठा धोका चौकातच असतो आणि तो या एका सवयीने बराच टळतो.

चौकातली एक गोष्ट तिला जागेवर उभे करून दाखवा. पीएमपीची बस डावीकडे वळण्यासाठी थांबलेली असते आणि तिच्या डाव्या अंगाला, फुटपाथच्या कडेला, एका सायकलीपुरती फट दिसते. मुले हमखास त्या फटीत शिरतात. बस वळू लागली की तिचे मागचे चाक पुढच्या चाकापेक्षा आतून येते आणि ती फट मिटते. चालकाला तिथली सायकल आरशात दिसेलच असे नाही. म्हणून मोठ्या वाहनाच्या डावीकडे कधीही जायचे नाही, मागेच थांबायचे. दुसरी गोष्ट उभ्या मोटारींची. गल्लीत एका रांगेत लावलेल्या गाड्यांना घासून गेले तर अचानक उघडलेले दार थेट हँडलवर बसते. म्हणून दाराच्या रुंदीएवढे अंतर राखून, सरळ रेषेत चालवायचे, दोन गाड्यांमधल्या मोकळ्या जागेत आत-बाहेर करायचे नाही. आणि उलट्या दिशेने, कितीही जवळचे वाटले तरी, जायचे नाही. चालत जाण्याचा दिवस असेल तेव्हा फुटपाथ नसलेल्या जागी उजव्या कडेने चालावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते.

सायकल तिच्या उंचीची असू द्या. पुढे चालेल म्हणून मोठी घेतलेली सायकल धोकादायक असते. सीटवरून उतरून दांडी दोन पायांच्या मध्ये घेऊन उभे राहिल्यावर दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत. मागच्या आणि पुढच्या ब्रेकचे रबर झिजलेले नाही ना, घंटी वाजते ना, मागे लाल परावर्तक आहे ना, हे दर रविवारी तिने स्वतः पाहावे, तुम्ही नव्हे. हेल्मेट सायकललाही घाला, कायदा सांगो वा न सांगो. दप्तर पाठीवर नको, हँडलला तर मुळीच नको. कॅरिअरवर पट्ट्याने घट्ट बांधावे. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, आणि ज्या दिवशी ते असते त्या दिवशी शाळेशी बोलायला हवे. ओढणी असेल तर ती गाठ मारून आत खोचलेली असावी आणि सायकलला चेनकव्हर असावे. पावसाळ्यात ब्रेक उशिरा लागतात, खड्डे पाण्याखाली जातात, रेनकोटचे टोक चाकात अडकते. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी रिक्षा, एवढे आधीच ठरवून टाका, म्हणजे रोज सकाळी वाद होणार नाहीत.

तयारीला साधारण दोन महिने द्या. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधून उतरवतात आणि हातपाय जमू लागले की तो डबा काढतात, तसे इथेही करायचे आहे. पहिले काही रविवार रिकाम्या रस्त्यावरून यजमानांनी तिच्या मागे दुसऱ्या सायकलवरून जावे आणि कमीत कमी बोलावे. कुठे थांबायचे, कधी वळायचे ते तिने मोठ्याने सांगावे. वळताना मान मागे वळवून पाहणे आणि एका हाताने खूण करणे सायकल न डगमगवता जमले, की शाळेच्या वेळेत, शाळेच्या दिवशी, याच पद्धतीने काही फेऱ्या कराव्यात. नंतर तिने मैत्रिणीबरोबर पुढे जावे आणि मोठ्यांनी फक्त त्या चौकात उभे राहावे. शेवटी तेही सोडावे. नेदरलँड्समध्ये अकरा-बारा वर्षांची शाळकरी मुले खऱ्या रस्त्यावर सायकलची परीक्षा देतात. जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुले ठरलेल्या वाटेने, मोठ्या मुलांच्या पुढाकाराखाली, गटाने पायी शाळेत जातात. त्या देशांतले रस्ते आपल्यापेक्षा कितीतरी चांगले आहेत, हे खरेच. पण मुलांना रस्ता शिकवावा लागतो हे तिथल्या मोठ्यांनी आपल्यापेक्षा आधी ओळखले आहे. तुमच्या सोसायटीत त्याच शाळेत जाणारी आणखी दोन-तीन मुले असतील तर त्यांच्या आईवडिलांशी बोला. चौघांचा घोळका वाहनचालकांना लांबून दिसतो, आणि घरच्यांचा जीवही थाऱ्यावर राहतो.

सासूबाईंचे ‘मुलगी वयात आली’ हे म्हणणे मी हलके लेखत नाही, कारण त्यामागे छेडछाडीची भीती असते आणि ती भीती त्या पिढीच्या बायकांनी अनुभवातून कमावलेली आहे. पण सायकल चालवल्याने वयात आलेल्या मुलीच्या शरीराला अपाय होतो, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही, आणि पाळीच्या दिवसांत चालवायची की नाही हे तिचे तिने ठरवावे. छेडछाडीबाबत तिच्याशी आडपडदा न ठेवता बोला. कोणी पाठलाग केला तर घराकडे न वळता माणसे असतील तिथे थांबायचे. त्यासाठी वाटेवरची दोन-तीन ठिकाणे आजच दाखवून ठेवा, ओळखीचा किराणावाला, औषधाचे दुकान, एखाद्या सोसायटीचा पहारेकरी. ११२ हा आपत्कालीन आणि १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक तिला पाठ असावा. मुख्य म्हणजे असे काही घडले आणि तिने घरी येऊन सांगितले, तर ‘उद्यापासून सायकल बंद’ हे शब्द तुमच्या तोंडून निघता कामा नयेत. ते एकदा ऐकले की ती पुढचे काही सांगणार नाही. सासूबाईंना तुम्ही विरोधक मानू नका. त्या स्वतः सायकलवरून शाळेत गेल्या आहेत. रस्ता पाहायला जाल त्या रविवारी त्यांनाही बरोबर घ्या आणि तिला काय काय शिकवायला हवे ते त्यांनाच विचारा.

आता मुलाबद्दल. तुमच्या पत्रात हा विषय ओझरता आला आहे, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या वाहनाचा. तुमची स्कूटर बहुधा १०० सीसीच्या पुढची असणार, आणि तिच्यासाठी अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. २०१९ मधील मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो; तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी एका वर्षासाठी रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. कायद्याचे बाजूला ठेवले तरी, सायकलवरून पडलेले मूल बहुतेक वेळा खरचटून उठते, पन्नासच्या वेगाने जाणारी स्कूटर घसरली तर तसे होत नाही. शिवाय तो दुसऱ्या कोणाच्या तेरा वर्षांच्या मुलीला धडकू शकतो. परवाना न लागणारी कमी वेगाची इलेक्ट्रिक गाडी घेऊन देण्याचा मोह होईल, तोही टाळा, कारण रस्त्याची समज तिच्याबरोबर येत नाही आणि पाय तर हलतच नाहीत. स्कूटरची किल्ली आजच आपल्याकडे घ्या. क्लास तीन-चार किलोमीटरवर असेल तर त्यालाही सायकल, त्याहून लांब असेल तर पीएमपीचा विद्यार्थी पास किंवा वनाझ-रामवाडी मेट्रो. घरात एक नियम मुलाला आणि दुसरा मुलीला, ही गोष्ट तिच्या नजरेतून सुटलेली नसणार.

मेट्रो आणि बसचा उपयोग तिलाही होऊ द्या. सायकल शाळेपुरती झाली, की सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीबरोबर मेट्रोने डेक्कनला जाऊन पुस्तके घेऊन येणे, बसने मावशीकडे जाऊन परतणे, अशी छोटी कामे तिच्यावर सोपवा. सुटे पैसे, परतीची वेळ आणि बस चुकली तर काय, एवढे बोलून घ्या आणि दर पाच मिनिटांनी फोन करू नका. पोहोचल्यावर एक निरोप पुरे.

राहता राहिली शाळा. अनेक शाळा सायकल ठेवायला जागा नाही म्हणून हात झटकतात आणि फाटकापुढे मोटारींना मात्र जागा होते. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत तीन मागण्या लेखी द्या : कुलूप लावता येईल असा सायकल स्टँड, शाळा भरताना व सुटताना फाटकापासून शंभर मीटरपर्यंत मोटारी थांबवण्यास मनाई, आणि पायी व सायकलने येणाऱ्या मुलांना सुटण्याच्या वेळी पाच मिनिटे आधी सोडणे. महापालिकेच्या मुख्य सभेने २०१७ मध्ये पुण्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केलेला आहे. शाळेच्या परिसरात त्यातला कोणता मार्ग दाखवला आहे आणि तिथे आज दुचाकी उभ्या आहेत की फेरीवाले, हे पाहून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करता येतो. एकट्या आईच्या अर्जापेक्षा वीस पालकांच्या सह्या असलेला अर्ज लवकर हलतो. सह्या गोळा करण्याचे काम यजमानांकडे द्या. रस्त्याची काळजी त्यांनाच अधिक आहे, आणि ती त्यांनी अधिकाऱ्यांपुढे मांडली तर तुमच्या मुलीबरोबर इतर मुलांनाही तिचा उपयोग होईल.